भाजलेलं अंडं, अंडं नसतं

"घरच्यांचं काही म्हणणं नाही," असं सार्थकने मला कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितलं. सांगताना तो माझ्या डब्यातली अंडाभुर्जी पोळीत गुंडाळून खात होता. काही म्हणणं नाही, याला होकार म्हणतात का, ते मला ठरवता येईना. माणसं म्हणणं गिळूनही गप्प बसतात.

आम्ही दोघं सातपूरच्या एकाच कंपनीत. मी चैताली, डिझाइनला, तो क्वालिटीला. ओळख होऊन तीन वर्षं झाली होती आणि आता लग्नाचं बघायला हवं होतं. आम्ही बौद्ध, ते मराठा. त्यांची निफाडकडे द्राक्षबाग, इंदिरानगरला फ्लॅट. आम्ही सातपूरच्या कॉलनीत, पप्पा कारखान्यातून रिटायर झालेले. ही माहिती लग्नाच्या गोष्टीत पहिल्या फटक्यात सांगून टाकलेली बरी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो.

"मग माझी एक अट आहे," मी म्हटलं. "मला त्यांची परवानगी नको, मानपान नको, काही नको. त्यांनी माझ्या हातचं माझ्यासमोर खायचं. खाल्लं तर लग्न. नाही तर नाही."

"एवढंच?" सार्थक हसला. "मला वाटलं गाडी मागतेस की काय."

त्याला ती अट सोपी वाटली, यात त्याचा दोष नाही. ज्याच्या घरचं सगळे खातात त्याला खाणं म्हणजे नुसतं खाणंच वाटतं.

माझ्या पप्पांचे एक मित्र होते, सावळीराम काका. एकाच मशीनवर आलटूनपालटून शिफ्ट केलेली. माणूस सोन्यासारखा. आईच्या ऑपरेशनला त्यांनी रक्त दिलं, माझ्या ॲडमिशनला माझ्याबरोबर उन्हात रांगेत उभे राहिले. दर बुद्धपौर्णिमेला न चुकता घरी यायचे, तासभर गप्पा मारायचे, आणि आईने खिरीची वाटी पुढे केली की म्हणायचे, "वहिनी, आत्ताच जेवून आलो बघा." रक्त दिलं, पण खीर कधी खाल्ली नाही. पप्पा म्हणतात, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. ती वाटी परत आत न्यायचं काम माझ्याकडे असायचं.

तर अट आली होती ती इथून.

आता काय करून न्यायचं, हा प्रश्न. लाडू, चिवडा असलं काही नेलं तर "असू दे, खाऊ नंतर" म्हणून ते डब्यात जातं आणि डब्यातून धुणंभांडीवालीच्या पिशवीत. भाजी-भाकरी न्यावी तर ती कुणी पाहुणी नेत नाही. केक मात्र सगळ्यांसमोर कापावा लागतो, आणि कापला की तिथल्या तिथे खावा लागतो. त्यात सार्थकच्या घरचा केकबद्दलचा एक सिद्धांत मला ठाऊक होता. तोच सांगत असतो, हसून हसून.

त्याचे वडील, खंडेराव काका, माळकरी. बायपास झाल्यावर गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून घरात अंडं-मटण बंद. सार्थक आणि त्याची बहीण सायली बाहेर गाडीवर ऑम्लेट खाऊन तोंड धुऊन घरी येतात. पण काकांना केक भारी आवडतो. मग घरात असा निवाडा झाला, की केकमधलं अंडं भाजून निघतं, आणि भाजलेलं अंडं हे अंडं नसतं. बेकरीवाल्याला विचारायचं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं नाही. काकांच्या प्रत्येक वाढदिवसाला अर्ध्या किलोचा केक येतो आणि अर्ध्याहून जास्त तेच खातात. देवाचीही त्याला हरकत दिसत नाही.

मला वाटलं, झालं. वाट तयारच आहे.

मला चांगला करता येतो असा केक एकच. मागच्या हिवाळ्यात कंपनीने मला स्वीडनच्या ऑफिसात काही महिने पाठवलं होतं. तिथे दुपारी चार माणसं जमली की कॉफीबरोबर हा असायचा. त्याचं स्वीडिश नाव मी सांगत नाही. त्यात शेवटी 'काका' येतं आणि या गोष्टीत खरे काका आहेत, उगाच घोटाळा व्हायचा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी तिथल्या बाईला विचारलं होतं, की मध्येच लाइट गेली होती का? कारण तो कडेने केक होता आणि मधे लगदा. ती म्हणाली, असाच असतो. तो असाच राहिला पाहिजे, हीच त्यातली करामत.

करायला याच्याइतका सोपा पदार्थ नाही. लोणी वितळवायचं, त्यात साखर, मग अंडी, मग कोको आणि मैदा, चिमूटभर मीठ. फुगवायचं काही घालायचं नाही, फेटायचं नाही. चमच्याने ढवळलं की झालं. भांड्याला लोणी लावून टोस्टचा चुरा भुरभुरवायचा. आणि ओव्हनमधून लवकर काढायचा. वरून पापडी धरलेली, आणि भांडं हलवलं की मधला भाग हलला पाहिजे. इथेच आपली माणसं चुकतात. मधला भाग हलताना बघून आपल्याला राहवत नाही. अजून पाच मिनिटं ठेवला की संपलं.

त्या रविवारी मी सकाळीच केला. आई ओव्हनपाशी घुटमळत होती. "कच्चा राहिलाय गं," ती म्हणाली. "लोकांच्या घरी न्यायचाय, आणि कच्चा नेतेस?"

"असाच असतो."

"तुझ्या गोऱ्या लोकांचा असेल," आई म्हणाली. "इंदिरानगरचे लोक काय म्हणतील ते बघ." पण तिने भांड्याभोवती नवा टॉवेल गुंडाळून दिला आणि सांगितलं, की गतिरोधकावर हळू जा.

सार्थकची आई, सिंधुबाई काकू, दारातच हसून "ये गं, ये" म्हणाल्या. त्यांच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही. ठेवणीतले कप काढले होते. मला सोफ्यावर पंख्याखाली बसवलं. पोहे दिले, वर ओलं खोबरं. मी पोटभर खाल्ले. आपण त्यांचं खाणं आणि त्यांनी आपलं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि पहिली कधीच अवघड नसते. खंडेराव काका बागेतल्या घडांबद्दल बोलत होते, की यंदा मणी लहान आहेत पण गोडी लय. सायली माझ्या मोबाइलमधले स्वीडनमधल्या बर्फाचे फोटो बघत होती. सार्थक खुर्चीच्या कडेला बसून पाय हलवत होता.

मी टॉवेल सोडला. सायलीने प्लेट आणि सुरी आणली. मी मधून एक रेघ मारली आणि पहिला तुकडा उचलला, तर त्याच्या टोकाचा लगदा हळूच प्लेटमध्ये उतरला. वासाने सगळी खोली भरली. काका पुढे सरकले.

"यात अंडं हाये का गं?" काकूंनी विचारलं.

"आहे, काकू. बेकरीच्या केकमध्ये असतं तसंच." हे वाक्य मी गाडीवर येता येता घोकून ठेवलं होतं.

काकूंनी प्लेट उचलून नाकाजवळ नेली, मग तिरकी करून बघितली. "पण हा आतनं कच्चा राहिलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे आतलं अंडं पण कच्चंच की. यांची माळ हाये बाई. बेकरीचा कसा, पूर्ण भाजलेला असतो."

मी इंजिनिअर आहे. तर्क बिनचूक असला की माझी मान आपोआप डोलते. भाजलेलं अंडं हे अंडं नसेल, तर न भाजलेलं अंडं हे अंडंच. माझ्या केकमध्ये ते मधोमध बसलेलं होतं, तेही मी मुद्दाम बसवलेलं. जगात शेकडो केक आहेत. आणि मी शोधून असा एक आणला होता, की या घराच्या सिद्धांतात तो बसत नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खोलीतली माणसं जराशी सैल झाली. कुणी वाईट वागलं नव्हतं, कुणाचा अपमान झाला नव्हता, आणि प्रश्न मिटला होता. सगळ्यात आधी सार्थक सैल झाला. "राहू दे मग," तो म्हणाला. "सायली आणि मी संपवू नंतर. चैताली, तू पुढच्या वेळी एगलेस आण ना."

त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पुढच्या वेळी एगलेस नेला असता, त्याच्या पुढच्या वेळी संकष्टी निघाली असती, आणि असं करत करत आम्ही सगळे चांगलेच राहिलो असतो. मला ते नको होतं. मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं, की आडवं येतंय ते अंडं की आणखी काही.

"तुमच्याकडे ओव्हन आहे ना?" मी विचारलं. "अजून भाजते की मग."

काकू म्हणाल्या, "अगं, कशाला एवढ्यासाठी?"

"आहे ना!" सायली उठलीच. "लॉकडाऊनमध्ये घेतलेला. फ्रीजवर पडलाय."

"लाव की," काका म्हणाले. "पोरगी म्हणतीया तर लाव."

ओव्हनवरचं फुलाफुलांचं कव्हर निघालं. आत जुनी वर्तमानपत्रं होती, ती काढली. कापलेला तुकडा मी परत भांड्यात बसवला आणि भांडं आत सरकवलं. पहिली पाच मिनिटं मी तिथेच उभी राहिले. पापडी गडद झाली, मग मधला भाग वर आला, फुटला आणि बसला. खोटं कशाला बोलू, जीव तुटला माझा. लोणी चांगलं होतं, कोको मी स्वीडनहून आणलेला शेवटचा होता, आणि मी तो माझ्या हाताने जाळत होते. हे बघून स्वीडनच्या त्या बाईने मला परत ऑफिसात घेतलं नसतं.

मग मी बाहेर येऊन बसले. काकांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवला. सायलीने चहा टाकला. जरासा करपल्याचा वास आल्यावर मी उठले आणि म्हटलं, "काकू, तुम्हीच बघा सुरी घालून. झाला का ते."

त्यांना यायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण कुणी असं विचारलं की बाईमाणूस उठतंच. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेला हात मागे राहत नाही. त्यांनी मधोमध सुरी खुपसली, बाहेर काढली, उजेडात धरली. कोरडी ठणठणीत.

"भाजला?" मी विचारलं.

"भाजला," काकू म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या.

मग मी तो कापला. कापला म्हणजे सुरीवर जोर देऊन तोडला. पाच प्लेट केल्या आणि माझ्या हाताने एकेक दिली. पहिली काकांना.

काकांनी बायकोकडे बघितलं. "सुरी तूच घातली ना?" ते म्हणाले. "मग झालं तर." आणि त्यांनी तुकडा तोंडात टाकला. कडकड असा आवाज आला. ते बराच वेळ चावत होते. "बिस्किटावानी झालाय," त्यांनी निकाल दिला, "पण चहात बुडवला तर लय भारी लागंल." त्यांनी बुडवला. खाल्ला. मिशीला लागलेलं पुसलं. "गोड हाताची हायेस," ते मला म्हणाले. हे ऐकून माझे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी खाली वाकून टॉवेलची घडी घातली.

सायली आधीच अर्धा खाऊन बसली होती. ती सिद्धांताबिद्धांताच्या पलीकडची आहे.

काकूंनी प्लेट मांडीवर घेतली. एक कण मोडला, बोटांत धरला, परत ठेवला. "मला ना शुगर निघालीय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोड बंदच केलंय बघ." त्यांच्या हातातल्या चहात आमच्या चहाइतकीच साखर होती, सगळ्यांचा एकाच पातेल्यातला होता. त्यांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला.

मला त्यांचा राग आला नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही, खरंच आला नाही. त्या खोटं बोलत होत्या, पण ते त्यांना जड जात होतं. कपाळावर घाम आला होता. ज्या घरात त्या वाढल्या तिथे त्यांना जे शिकवलं ते एका रविवारात निघणारं नव्हतं. काकांनी तर माळ घालून खाल्लं होतं. अट मी घातली होती, ती थोडी सैल करायचा हक्कही माझाच. दोघांपैकी एकाने खाल्लं, दुसरं माणूस वर्षा-दोन वर्षांत खाईल, असा हिशेब मी मनात करायलाही लागले होते. लग्न करायचं होतं मला. सार्थकबरोबर करायचं होतं.

मग मी सार्थकला प्लेट दिली. त्याच्याकडे मी बघतही नव्हते. त्याच्याकडे काय बघायचं?

तो प्लेट घेऊन बसला. काकू त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. आई मुलाकडे बघते तसंच, पण पापणी न हलवता. सार्थकने चमचा उचलला, केकवर टेकवला, आणि मग प्लेट टीपॉयवर ठेवली. "मी खातो नंतर," तो म्हणाला. "पोह्यांनी पोट भरलंय."

काकूंनी पदर सारखा केला आणि कप परत उचलला.

प्लेट तशीच राहिली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "तू खात नसशील तर दे इकडं," आणि त्यांनी तोही चहात बुडवला. नंतर काकूंनी मला पिशवीभर द्राक्षं दिली, आईला दे म्हणाल्या. मी घेतली. परत कधी येणार, असंही त्यांनी विचारलं, आणि ते मनापासून विचारलं. दारात काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सार्थक मला सोडायला खाली पार्किंगमध्ये आला. लिफ्टमध्येच तो खुलला होता. "बघितलंस? बाबांनी दोन तुकडे खाल्ले! मी तर म्हणत होतो, तू उगाच घाबरतेस. आईचं काय, ती होईल हळूहळू. तू ओव्हन मागितलास ना, ती आयडिया जबरी होती." त्याने माझी पिशवी गाडीच्या हुकला लावली. "मग, अट पुरी? आता तारीख बघायची का?"

"तू का नाही खाल्लास?" मी विचारलं.

"मी?" त्याला प्रश्नच कळला नाही. "अगं, मी तर रोजच खातो तुझं. माझी काय परीक्षा?"

"आज का नाही खाल्लास?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. वरच्या गॅलरीत कुणी आहे का, तेही बघितलं. मग आवाज खाली आणून, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "आईसमोर कशाला उगाच? तिला वाईट वाटलं असतं. लग्न झालं की खाणारच आहे ना, जन्मभर."

मला भांडता आलं असतं. सगळे मुद्दे माझ्याकडे होते. पण तो खोटं बोलत नव्हता, त्याला घामही आला नव्हता. त्याच्या दृष्टीने त्याने काही केलंच नव्हतं. त्याच्या घरच्यांनी खावं म्हणून मी चांगला केक जाळला, आणि घरचा म्हणून मी त्याला एकदाही मोजलं नव्हतं.

"तारीख बघू नकोस," मी म्हटलं. "नाही जमायचं, सार्थक."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी हेल्मेटचा पट्टा लावला आणि गाडी चालू केली. तेव्हा तो हसायचा थांबला आणि हँडल धरून उभा राहिला. "अगं, असं काय करतेस? बाबांनी खाल्ला ना?"

"हो," मी म्हटलं. "बाबांनी खाल्ला."